गुलाबी की जांभळा? ब्लड कल्चरची स्लाइड वाचताना होणाऱ्या चुका

आयसीयूतल्या पेशंटला हुडहुडी भरून ताप येतो, बीपी खाली सरकतं आणि डॉक्टर सांगतात, ‘ब्लड कल्चर पाठवलंय.’ बाहेर बसलेल्या नातेवाइकांची समजूत अशी, की रक्त मशीनमध्ये गेलं म्हणजे जिवाणूचं नाव छापून बाहेर येणार. नाव येतं, पण सहसा एक-दोन दिवसांनी. त्याआधीचं पहिलं उत्तर माणूस देतो, मायक्रोस्कोपला डोळे लावून. ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय (गोल जिवाणू), घोसांत’ किंवा ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय (काडीसारखे जिवाणू)’ एवढंच ते उत्तर असतं आणि तेवढ्यावर त्या रात्रीचं अँटिबायोटिक ठरतं किंवा बदलतं.

हे पहिलं उत्तर कधी कधी चुकतं. नीट चालवलेल्या लॅबमध्ये क्वचित, पण चुकतं. या चुका वाटेल तिथे होत नाहीत, हे मला इथे सांगायचंय. त्याच त्या पायरीवर, त्याच त्या जिवाणूंच्या बाबतीत आणि पुष्कळदा दिवसाच्या त्याच वेळी होतात. त्या जागा माहीत असल्या तर बऱ्याचशा चुका टळतात, आणि टळल्या नाहीत त्या दुसऱ्या दिवशी सापडतात.

रक्त थेट का बघत नाहीत

मलेरियासाठी रक्ताचा थेंब काचेवर पसरून लगेच बघतात, मग जिवाणूंसाठी का नाही? कारण त्यांची संख्या. मोठ्या माणसाच्या रक्तात जिवाणू शिरले तरी एका मिलिलिटरमध्ये ते बहुतेक वेळा दहाच्या आत असतात, पुष्कळदा एखादाच. स्लाइडवर काही दिसायचं तर मिलिलिटरला लाखाच्या घरात जिवाणू लागतात. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घालून ती शरीराच्या तापमानाच्या आसपास उबवतात. बॅक्टेक, बॅक्ट-अलर्ट ही यंत्रं दर काही मिनिटांनी बाटलीच्या बुडाशी असलेला सेन्सर तपासतात. जिवाणू वाढले की कार्बन डायऑक्साइड वाढतो, सेन्सर बदलतो आणि यंत्र इशारा देतं. लॅबच्या बोलीत ‘बॉटल फ्लॅग झाली’. तोवर आतल्या जिवाणूंची संख्या मिलिलिटरला कोटीच्या घरात गेलेली असते. बाटली साधारण पाच दिवस ठेवतात, पण खरा संसर्ग असेल तर बहुतेक बाटल्या पहिल्या दोन दिवसांतच फ्लॅग होतात.

मग बाटलीतून सुईने थेंब काढायचा, स्लाइडवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा, वाचायचा आणि वॉर्डला फोन करायचा. अर्ध्या तासाचं काम. ते वेळेत होण्याला किती मोल आहे याचा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासावरून येतो. ज्यांची ग्रॅम स्टेन, म्हणजे स्लाइड रंगवून वाचण्याची ही तपासणी, तासाभरात झाली त्या गटात मृत्यूचं प्रमाण १०.१ टक्के होतं. ज्यांना तासाहून जास्त वेळ लागला त्या गटात १९.२ टक्के. सगळा फरक स्लाइडमुळेच पडला असं यावरून म्हणता येत नाही, पण स्लाइड सकाळवर ढकलू नये एवढं तरी म्हणता येतं. आपल्याकडे कितीतरी लॅबमध्ये रात्री मायक्रोबायोलॉजीला कुणी नसतं. रात्री अकराला फ्लॅग झालेली बाटली सकाळी नऊला उघडली जाते. याचा परिणाम उशिरापुरता राहत नाही, पुढे न्यूमोकॉकस या जिवाणूच्या वेळी तो दिसेल.

चार पायऱ्या आणि त्यातली तिसरी

हान्स क्रिश्चन ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर १८८४ साली बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याबरोबर काम करत होता. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाच्या तुकड्यांत जिवाणू ठळक दिसावेत, एवढाच त्याचा हेतू होता. जिवाणूंचे दोन वर्ग पाडायला तो निघालेलाच नव्हता. टायफॉइडच्या जिवाणूंचा रंग उडून जातो हे त्याला खटकलं होतं आणि आपली पद्धत सदोष, अपुरी आहे हे त्याने त्याच लेखात स्वतःच लिहून ठेवलं. गुलाबी रंगाची शेवटची पायरी नंतर इतरांनी रूढ केली.

आज पद्धत अशी. स्मिअरवर, म्हणजे स्लाइडवर पसरलेल्या थेंबावर, आधी क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग मिनिटभर. मग आयोडीन, त्याची रंगाशी गाठ पडून पेशीच्या आत मोठे कण तयार होतात. तिसरी पायरी अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने रंग उतरवण्याची, म्हणजे डिकलरायझेशन. आणि शेवटी सॅफ्रॅनिन हा गुलाबी-लाल रंग. ज्यांच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकनचा जाड थर असतो त्यांच्यातून जांभळा रंग लवकर निघत नाही. ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांचा हा थर अगदी पातळ आणि वर चरबीयुक्त आवरण असतं त्यांचा रंग अल्कोहोलने धुऊन जातो आणि ते गुलाबी दिसतात. ते ग्रॅम निगेटिव्ह. गोधडी आणि पंचा एकाच रंगाच्या पाण्यात बुडवून खळबळले तर कोणात रंग जास्त वेळ टिकेल, तसंच हे. आणि त्यात मेखही आहे: जास्त वेळ खळबळलं तर गोधडीचाही रंग जातो.

बहुतेक तांत्रिक चुका या तिसऱ्या पायरीवर होतात. बाकीच्या पायऱ्या मिनिटांच्या आहेत. ही सेकंदांची आहे. अ‍ॅसिटोन वापरलं तर दोन-तीन सेकंदांत काम होतं, अल्कोहोलला थोडा जास्त वेळ लागतो. दुसऱ्या बाटलीने लक्ष वेधलं, फोन वाजला, नळ चालू करायला उशीर झाला, की ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू गुलाबी पडतात. उलट, स्मिअर जाड असेल तर मधल्या भागात अल्कोहोल पोचत नाही आणि ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू जांभळे राहतात. ब्लड कल्चरचा थेंब रक्ताने दाट असतो, त्यामुळे जाड स्मिअर हा इथला नेहमीचाच आजार. शिवाय फ्लेमवर स्लाइड जास्त तापली तर भित्तिकेची वाट लागते, आणि जुनं झालेलं आयोडीन रंग नीट धरून ठेवत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, पॉझिटिव्ह असलेला निगेटिव्ह दिसणं. तापवण्याऐवजी मिथेनॉलने स्मिअर पक्का केला तर यातली एक भानगड तरी कमी होते.

स्लाइड नीट रंगवली गेली का हे कळण्याची एक सोय स्लाइडवरच असते, आणि ती फुकट आहे. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांचं केंद्रक नीट रंगवलेल्या स्लाइडवर गुलाबी दिसायला हवं. ते जांभळं-निळं दिसत असेल तर त्या भागात रंग पुरता उतरलेला नाही, तिथल्या ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’वर भरवसा ठेवू नये. अनुभवी टेक्निशियन जिवाणू शोधायच्या आधी या पेशींकडे बघतो. नवखा थेट जिवाणूंकडे धावतो. शिकवताना मी हाच एक मुद्दा सगळ्यात जास्त वेळा सांगत असेन.

फसवणारी मंडळी

रंगवण्यात काहीही न चुकता काही जिवाणू फसवतात. त्यात आपल्याकडच्या आयसीयूंच्या दृष्टीने पहिला मान अ‍ॅसिनेटोबॅक्टरचा. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, भाजलेले रुग्ण, जिथे जिथे रुग्णालयातला संसर्ग तिथे हा हजर. तो ग्रॅम निगेटिव्ह आहे, पण जांभळा रंग सोडायला कुरकुरतो. वर आकारही ठाम नाही. जोमाने वाढताना तो आखूड काडीसारखा, वाढ थांबली की जवळजवळ गोल, आणि राहतो जोडीजोडीने. म्हणजे स्लाइडवर ‘जांभळे गोल, जोडीत’ दिसलं तर वाचणारा लिहून मोकळा होतो: ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय इन पेअर्स. वॉर्डात व्हॅन्कोमायसिन हे ग्रॅम पॉझिटिव्हवरचं औषध सुरू होतं. व्हॅन्कोमायसिनचा रेणू एवढा मोठा, की ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातून तो आत शिरतच नाही. डॉक्टरांनी त्या भरवशावर आधीचं ग्रॅम निगेटिव्हवरचं औषध थांबवलं असेल तर तो दिवस पेशंट विनाऔषध काढतो, सलाइन चालू असूनही.

रंग बरोबर उतरला तरी दुसरा खड्डा तयार असतो. गुलाबी गोल जोड्या दिसल्या की मेनिंगोकॉकसचा (मेंदूज्वराच्या जिवाणूचा) संशय येतो, आणि मेनिंगोकॉकस म्हटलं की घरच्यांना, स्टाफला प्रतिबंधक गोळ्या देण्याची धावपळ. इथे एक साधी खूण कामी येते. ब्लड कल्चर पाठवताना एक बाटली हवेतल्या वाढीसाठी आणि एक बिनहवेची अशी जोडी पाठवतात. अ‍ॅसिनेटोबॅक्टरला ऑक्सिजनशिवाय वाढता येत नाही. हवेची बाटली फ्लॅग झाली आणि बिनहवेची गप्प आहे, पेशंट आयसीयूत बरेच दिवस आहे आणि स्लाइडवर ‘कॉकाय’ दिसतायत, अशी तीन गोष्टींची सांगड पडली की फोन करायच्या आधी दुसरा स्मिअर करावा. कडेचा, पातळ भाग बघावा. एखादी तरी लांबुळकी काडी सापडतेच.

नेमकं उलटं सोंग बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियमचं. हे ग्रॅम पॉझिटिव्ह, जाड, मोठ्या काड्या. पण पेशी जुन्या झाल्या की भित्तिका झिजते आणि रंग गळतो. क्लॉस्ट्रिडियमच्या काही जाती तर ताज्या असतानाही गुलाबी दिसतात. एकाच स्लाइडवर काही काड्या जांभळ्या, काही गुलाबी असतील तर नवखा वाचणारा दोन जिवाणू आहेत असं लिहितो. अनुभवी माणूस आकाराकडे बघतो: रंग दोन असले तरी जाडी-लांबी एकच, टोकं एकसारखी चौकोनी. रंग आणि आकार यांचं भांडण लागलं तर मी आकाराच्या बाजूने राहीन. रंग रसायनाच्या दोन-चार सेकंदांवर हलतो, आकार सहसा इतका हलत नाही.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सच्या बाबतीत ही चूक परवडणारी नसते. तो रक्तातल्या तांबड्या पेशी इतक्या झपाट्याने फोडतो, की काही पेशंट तासांच्या हिशेबात जातात. बिनहवेची बाटली फार लवकर फ्लॅग झाली, आतलं रक्त फुटून पारदर्शक लाल झालंय, स्लाइडवर जाडजूड चौकोनी टोकांच्या काड्या आहेत, तर त्या गुलाबी असोत की जांभळ्या, फोनवर क्लॉस्ट्रिडियमचा संशय बोलून दाखवायला हवा. कधी कधी नशीब साथ देतं: ग्रॅम निगेटिव्ह समजून डॉक्टरांनी मेरोपेनेम दिलेलं असतं आणि ते याच्यावरही चालतं. कोलिस्टिन दिलं असेल तर नाही चालत.

न्यूमोकॉकसची तऱ्हाच निराळी. हा ग्रॅम पॉझिटिव्ह, जोडीने राहणारा, टोकं किंचित निमुळती. त्याच्यात स्वतःचीच भित्तिका विरघळवणारं एन्झाइम असतं. बाटली फ्लॅग होऊन रात्रभर यंत्रातच राहिली, की सकाळपर्यंत बरेचसे जिवाणू फुटून गेलेले असतात. स्लाइडवर गुलाबी, फिकट, अर्धवट सावल्या दिसतात, किंवा काहीच दिसत नाही. बाटलीतला थेंब पुढे ज्या पोषक थरावर वाढवतात त्या प्लेटवरही कधी कधी काही उगवत नाही. मग रिपोर्ट जातो: यंत्राचा खोटा इशारा. रात्री कुणी नसण्याची किंमत ती ही. रात्री अकराला स्मिअर झाला असता तर हाच जिवाणू ठसठशीत जांभळा दिसला असता.

लिस्टेरिया तर चांगल्या चांगल्यांना चकवतो. गरोदर स्त्रिया, नवजात बाळं, वृद्ध, प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांच्या रक्तात तो सापडतो. आखूड ग्रॅम पॉझिटिव्ह काडी. जरा जास्त आखूड दिसली तर स्ट्रेप्टोकॉकस समजतात. जरा वाकडीतिकडी मांडणी दिसली तर त्वचेवरचा डिफ्थेरॉइड समजून ‘कंटॅमिनंट असावा’, म्हणजे बाहेरून नमुन्यात आलेला, असं सांगून टाकतात. दोन्ही समजुतींत तोटा पेशंटचाच. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिन औषधं लिस्टेरियावर चालत नाहीत; त्याला अँपिसिलिन लागतं. बाळंतिणीच्या किंवा चार दिवसांच्या बाळाच्या बाटलीतली ग्रॅम पॉझिटिव्ह काडी ‘कंटॅमिनंट’ म्हणून मोडीत काढायच्या आधी दोनदा विचार करावा.

कंटॅमिनंटचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. रक्त घेताना त्वचेवरचे जिवाणू सुईबरोबर बाटलीत जातात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, डिफ्थेरॉइड, बॅसिलस हे त्यातले नेहमीचे. असे नमुने एकूण नमुन्यांच्या ३ टक्क्यांच्या आत राहावेत हा जुना, सर्वमान्य निकष. त्वचेला क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल लावल्यावर ते वाळू न देता सुई टोचली की हा आकडा वाढतो. पण सवयीने ‘बॅसिलस म्हणजे घाण’ असं ठरवून टाकणंही धोक्याचं. २००१ साली अमेरिकेत फ्लोरिडात एका पेशंटच्या पाठीतून काढलेल्या पाण्याच्या स्लाइडवर मोठ्या ग्रॅम पॉझिटिव्ह काड्या दिसल्या. डॉ. लॅरी बुश यांनी त्या कंटॅमिनंट म्हणून सोडल्या नाहीत, अँथ्रॅक्सचा संशय घेतला आणि तो खरा निघाला. टपालातून पाठवलेल्या अँथ्रॅक्सच्या त्या हल्ल्यात २२ जणांना लागण झाली, पाच दगावले. पहिला धागा स्लाइडवर सापडला होता.

ब्रुसेलाची गोष्ट गोठ्यापाशी सुरू होते. गुरं हाताळणारे, गाभडलेल्या गाई-म्हशी-शेळ्यांची बाळंतपणं करणारे, कच्चं दूध पिणारे यांना तो होतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लॅबना तो परका नाही. ग्रॅम निगेटिव्ह, पण अतिशय बारीक आणि फिका. वरवर नजर फिरवली तर मागच्या गुलाबी पसाऱ्यात मिसळून जातो. कधी जांभळा रंग धरून बसतो आणि मायक्रोकॉकस किंवा डिफ्थेरॉइड म्हणून वाचला जातो. इथे चुकीचा फटका पेशंटइतकाच वाचणाऱ्यालाही बसतो. कंटॅमिनंट समजून टेक्निशियन प्लेट उघड्या टेबलावर हाताळतो, वास घेतो, आणि काही आठवड्यांनी त्यालाच ताप भरतो. लॅबमध्ये काम करताना लागणाऱ्या जिवाणूजन्य आजारांत ब्रुसेलोसिस जगभर अगदी वरच्या क्रमांकावर आहे. फॉर्मवर ‘व्यवसाय: दूधधंदा’ एवढे दोन शब्द लिहिलेले असतील तर वाचणारा सावध होतो आणि सगळं काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये नेतो. आपल्याकडचे फॉर्म बहुधा ‘फीव्हर’ एवढ्यावर संपतात.

आणखीही आहेत. कँडिडा ही बुरशी जिवाणूंच्या कितीतरी पट मोठी, अंकुर फुटलेली. पण ग्लॅब्राटासारखी लहान जात गर्दीत निसटते. कॅम्पिलोबॅक्टर किंवा कुत्रं चावल्यावर कधी कधी रक्तात जाणारा कॅप्नोसायटोफॅगा सॅफ्रॅनिनने इतका फिका रंगतो, की दिसतच नाही. तिथे शेवटचा रंग म्हणून बेसिक फुक्सिन वापरलं तर जमतं.

जे जिवाणूच नाहीत

जांभळ्या रंगाच्या बाटलीत तळाशी खडे बसतात. रंग न गाळता वापरला की ते बारीक गोल खडे स्लाइडवर येतात आणि स्टॅफिलोकॉकसच्या घोसासारखे दिसतात. फोकस वर-खाली केला की फरक कळतो: खडे चकाकतात, आकारात लहान-मोठे असतात आणि पेशींच्या पातळीच्या वर तरंगत असतात. काही बाटल्यांत अँटिबायोटिक शोषून घेण्यासाठी रेझिनचे मणी असतात, पूर्वी काहींत कोळशाची पूड असायची. त्या पुडीच्या काळ्या ठिपक्यांत जिवाणू शोधणं हे एक दिव्यच होतं. धुण्याच्या पाण्यातले, जुन्या रंगातले किंवा बाटलीतल्या पोषक द्रवातले मेलेले जिवाणूही स्लाइडवर दिसू शकतात, आणि प्लेटवर मग काहीच उगवत नाही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी इतक्या वाढलेल्या असतात, की त्यांच्याच श्वासोच्छ्वासाने बाटली फ्लॅग होते.

‘काही दिसत नाही’ हे उत्तर सगळ्यात अवघड. ऑइल इमर्शनखाली, हजारपट मोठं करून बघताना, एका नजरेत येणारं वर्तुळ जेमतेम ०.२ मिलिमीटर रुंदीचं असतं. एक चौरस सेंटिमीटरच्या स्मिअरमध्ये अशी तीन हजारांवर वर्तुळं मावतात. वाचणारा त्यातली वीस-पन्नास बघतो. पोटातल्या संसर्गात दोन जिवाणू एकदम रक्तात येतात. त्यातला एक भरमसाट आणि दुसरा विरळ असेल तर दुसरा हमखास राहून जातो. पहिला सापडला की नजर समाधान पावते, ही तर माणसाची खोडच आहे. तसंच ‘पेशंटला लघवीचा संसर्ग आहे’ हे आधी कानावर पडलं असेल तर डोळे गुलाबी काड्याच शोधत राहतात.

फोनवरचं वाक्य

स्लाइड बरोबर वाचली आणि रिपोर्ट चुकला, असंही होतं. एकाच वेळी चार बाटल्या फ्लॅग झाल्या, चार स्लाइड्स शेजारी शेजारी वाळत पडल्या, नंबर मार्करने लिहिला होता आणि अ‍ॅसिटोनने तोच पुसून गेला. म्हणून नंबर पेन्सिलने, स्लाइडच्या खरखरीत टोकावर लिहायचा. कॉम्प्युटरवर ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ आणि ‘ग्रॅम निगेटिव्ह’ एकाखाली एक येतात, माउस एक ओळ खाली सरकला की संपलं.

फोनवर गोंधळ आणखी वाढतो. ‘कल्चर पॉझिटिव्ह आहे, ग्रॅम निगेटिव्ह’ हे गडबडीत ऐकणाऱ्या सिस्टरला ‘कल्चर निगेटिव्ह’ असंही ऐकू येऊ शकतं. त्यामुळे ऐकणाऱ्याने पेशंटचं नाव आणि निष्कर्ष उलट वाचून दाखवायचा, सांगणाऱ्याने फोनची वेळ आणि ऐकणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं, असा नियम आहे. आयएसओ १५१८९ या मानकानुसार मान्यता घेतलेल्या लॅबला अशा तातडीच्या निष्कर्षांची नोंद ठेवावीच लागते.

माझं मत विचाराल तर फोनवर शंका बोलून दाखवणं ही सगळ्यात स्वस्त खबरदारी आहे. ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय वाटतायत, पण अ‍ॅसिनेटोबॅक्टर असू शकतो, तोवर ग्रॅम निगेटिव्हचं औषध थांबवू नका’ हे वाक्य म्हणायला दहा सेकंद लागतात. पण ज्युनिअरला वाटतं, आपण डळमळीत बोललो तर वरचे रागावतील. मग तो ठामपणे चुकीचं बोलतो.

चूक पकडायची कशी

रोज, किंवा निदान नवा रंग उघडल्यावर, एक माहीत असलेला ग्रॅम पॉझिटिव्ह (बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) आणि एक ग्रॅम निगेटिव्ह (ई. कोलाय) रंगवून बघायचे. दोघे आपापल्या रंगात आले तरच बाकीच्या स्लाइड्स वाचायच्या. शंका आली तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात प्लेटवरची कॉलनी घोळायची. ग्रॅम निगेटिव्ह पेशी फुटून डीएनए बाहेर पडतो आणि काडी उचलली की चिकट तार निघते. ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये तार निघत नाही. जमलं तर दुसऱ्याने स्लाइड बघायची, पहिल्याचं उत्तर न ऐकता.

पण खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी. प्लेटवर जे उगवलं ते कालच्या स्लाइडशी जुळतं का? स्लाइडवर कॉकाय लिहिले आणि प्लेटवर अ‍ॅसिनेटोबॅक्टर आला, तर जुनी स्लाइड काढून पुन्हा बघायची, डॉक्टरांना लगेच कळवायचं आणि दुरुस्त रिपोर्ट द्यायचा, जुना गुपचूप पुसायचा नाही. म्हणूनच स्लाइड्स काही दिवस जपून ठेवतात. तेल पुसून डब्यात उभ्या लावलेल्या त्या स्लाइड्स म्हणजे लॅबची चोपडी. ज्या लॅबमध्ये अशी फेरतपासणी होत नाही तिथे चुका होत नाहीत असं नाही, त्या कळत नाहीत. लॅबबाहेरून येणारी परीक्षाही असते: इंडियन असोसिएशन ऑफ मेडिकल मायक्रोबायोलॉजिस्ट्स ही संघटना सहभागी लॅबना अनोळखी नमुने पाठवून उत्तरं तपासते.

पेशंटच्या घरच्यांच्या हातात ‘प्राथमिक अहवाल’ असा शिक्का असलेला कागद येतो आणि दोन दिवसांनी त्याच्याशी न जुळणारा दुसरा. लगेच ‘लॅबवाल्यांनी घोळ घातला’ असं वाटतं. तसं नेहमी नसतं. पहिला कागद रंग आणि आकारावरून दिलेला अंदाज होता, दुसऱ्यावर जिवाणूचं नाव आणि कोणतं औषध चालतं ते आहे. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचाराव्यात: पहिल्या रिपोर्टवरून कोणतं औषध सुरू किंवा बंद केलं होतं, आणि दुसरा आल्यावर ते बदललं का? आणि रक्त घेताना एकाऐवजी दोन ठिकाणांहून घेतायत म्हणून सिस्टरवर चिडू नये. दोन वेगवेगळ्या जागांच्या नमुन्यांत तोच जिवाणू आला तर तो बहुधा खरा. एकाच बाटलीत त्वचेवरचा जिवाणू आला तर बहुधा कंटॅमिनंट.

आता मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत मॅल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जिवाणू ओळखणारं यंत्र) आणि पीसीआर पॅनेल (डीएनएवरून ओळखणारी चाचणी) आली आहेत. पॅनेल तास-दीड तासात थेट बाटलीतून जिवाणूचं नाव सांगतं, मग स्लाइड हवीच कशाला, असा प्रश्न येतो. पॅनेल त्याच्या यादीत असलेलेच जिवाणू ओळखतं. यादीबाहेरचा असेल तर ‘निगेटिव्ह’ म्हणतं आणि स्लाइडवर मात्र काड्या स्पष्ट दिसत असतात. याच्या उलटही घडलंय: बाटलीतल्या पोषक द्रवात मेलेल्या जिवाणूंचा डीएनए शिल्लक होता, पॅनेलने तो पकडला आणि पेशंटला नसलेला जिवाणू रिपोर्टमध्ये आला. पॅनेलने सांगितलेला ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू स्लाइडवर कुठेच नाही, दिसतायत ते फक्त जांभळे घोस, एवढ्या विसंगतीवरून ही भानगड उघड होते. म्हणून पॅनेल असलेल्या लॅबमध्येही आधी स्मिअर लावतात, आणि पॅनेलचं उत्तर स्लाइडशी ताडून मगच वॉर्डला फोन करतात.